ओटीवरून : दर्यातली खबर उशिरा येते



८ मे २०२५ ची रात्र तुमच्यापैकी पुष्कळांच्या ध्यानात असेल. आमच्या मालवणच्या बाजूला त्या दिवसांत आंबा-काजूची अखेरची गडबड चालू होती. दिवसभराच्या दगदगीने अंग आंबलेले, जेवणे आटोपलेली, आणि मी ओटीवर पाठ टेकून बसलेलो. एवढ्यात पुतण्या हातातला फोन नाचवीत अंगणातून धावत आला. "काका, कराची बंदर पेटला! आपल्या नेव्हीन उडवल्यान!"

पाच मिनिटांत ओटी भरली. फोनवर आगीचे लोळ दिसत होते, कोणी मोठमोठ्याने बोलत होते. टीव्हीवरही तेच चालले होते. पोरांनी घोषणा दिल्या. एकाने तर वाडीत फटाकेसुद्धा लावले.

सकाळ झाली, आणि कळले की तसे काहीच घडलेले नाही. आपले आरमार अरबी समुद्रात सज्ज उभे होते हे खरे. पण कराची बंदरावर हल्ला झालेला नव्हता. दाखवलेली चित्रे भलतीकडची, भलत्या वेळची होती. त्या चार दिवसांत तर खेळण्यातल्या लढाईची, म्हणजे व्हिडिओ गेममधली दृश्येही खरी लढाई म्हणून गावोगाव फिरली.

त्या रात्री सारे ओरडत असताना मी मात्र गप्प होतो. कारण कराची बंदर पेटल्याची बातमी मी लहानपणी याच ओटीवर ऐकली होती, आणि ती खरी होती. ती डिसेंबर १९७१ ची गोष्ट. तेव्हा फोन नव्हते, टीव्ही नव्हता. बातमी थोडी यायची, उशिरा यायची. तरी ती ऐकण्याची एक रीत घरातल्या माणसांना ठाऊक होती. आज ओटीवर बसून तुम्हाला तीच रीत सांगायची आहे. ज्यांच्या घरचा मुलगा पलटणीत किंवा नेव्हीत आहे, त्यांनी तर हे जरूर वाचावे.

तीन ओळींची बातमी

त्या वेळी आपला सिंधुदुर्ग जिल्हा झालेला नव्हता. तो १ मे १९८१ रोजी झाला. तोवर आम्ही रत्नागिरीचेच. आमच्या वाडीत दोन ट्रान्झिस्टर होते. त्यांतला एक आमच्या घरी, चामड्याच्या पिशवीत घातलेला. भाताची मळणी होऊन गवताच्या उडव्या रचून झाल्या होत्या. कुळीथ-चवळीची पेरणी झालेली, वायंगणाची तयारी चाललेली. ३ डिसेंबरला, शुक्रवारी, संध्याकाळी पाकिस्तानच्या विमानांनी अमृतसर, पठाणकोट, श्रीनगर, अंबाला, आग्रा, जोधपूर अशा आपल्या विमानतळांवर हल्ले केले आणि लढाईला तोंड लागले.

सर्वत्र काळोख पाळायचा हुकूम झाला. आमच्या वाडीत वीजच नव्हती, मग काळोख करायचा कसला? तरी वडिलांनी कंदिलाच्या काचेला तीन बाजूंनी कागद गुंडाळला. पौर्णिमा नुकतीच होऊन गेली होती. बाहेर पिठासारखे चांदणे, आणि आत आम्ही कंदील झाकून बसलेले. आज हसू येते. पण त्या कागदामुळे लढाई आपल्या घरातही आली आहे, हे आम्हा पोरांना समजले.

संध्याकाळच्या बातम्यांना अंगणात माणसे जमत. बातमीत लढाईचे तीन भाग असत: जमिनीवर काय झाले, आकाशात काय झाले, समुद्रात काय झाले. जमिनीची बातमी लांब असे. आकाशाची त्याहून थोडी कमी. समुद्राची बातमी एखाद्या ओळीची, आणि कित्येक दिवस तीही नसे.

शेजारच्या घरातली वयनी रोज येऊन खळ्याच्या कडेला बसायची. तिचा नवरा नेव्हीत होता. पहिल्या दोन ओळी ती ऐकत नसावी. बातम्या संपल्या की मला विचारायची, "बाबू, दर्यातला काय सांगल्यानी?"

"कायच नाय सांगल्यानी, वयनी."

मग माझे वडील म्हणायचे, "दर्यातली खबर येऊक येळ लागता." ते जुने खलाशी. त्यांना दर्याचा स्वभाव ठाऊक होता.

लढाईलाही वाफसा लागतो

मंडळी, तुम्ही शेतकरी आहात, म्हणून एक गोष्ट आधी सांगतो. पूर्व बंगालात अत्याचार सुरू झाले ते मार्च १९७१ मध्ये. लक्षावधी निर्वासित आपल्याकडे आले. मग लढाई डिसेंबरपर्यंत का थांबली?

सरसेनापती माणेकशॉ यांनी पुढे आपल्या भाषणांतून याचे कारण सांगितले आहे. एप्रिलमध्ये त्यांना विचारणा झाली तेव्हा त्यांनी नकार दिला. पावसाळा तोंडावर होता. पूर्व बंगाल म्हणजे नद्यांचा देश. पावसात तिथल्या नद्या समुद्रासारख्या पसरतात, फौज रस्त्याबाहेर पाऊल टाकू शकत नाही आणि विमानेही नीट मदत करू शकत नाहीत. दुसरे, हिमालयातल्या खिंडी मोकळ्या होत्या. हिवाळ्यात बर्फाने त्या बंद झाल्या की चीनच्या बाजूची काळजी कमी होणार होती. तिसरे कारण तुमच्या-माझ्या जिव्हाळ्याचे. उत्तरेत गव्हाची सुगी चालू होती. फौज हलवायची तर रेल्वेचे डबे आणि रस्ते फौजेला द्यावे लागणार, मग धान्य हलणार कशातून?

म्हणजे पाहा, पेरणीला जसा वाफसा लागतो तसा लढाईलाही लागतो. समुद्राचेही तसेच. आपले मच्छीमार पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला नारळ सोडून मग दर्यात उतरतात. कराचीवर जाणाऱ्या आपल्या बोटी लहान होत्या. जून-जुलैच्या खवळलेल्या समुद्रात त्यांचे काही चालले नसते. डिसेंबरातला पश्चिमेचा समुद्र तुलनेने शांत.

समुद्रातली ४ डिसेंबरची रात्र

त्या बोटींची हकीकत ऐकण्यासारखी आहे. सोव्हिएत रशियाकडून घेतलेल्या या क्षेपणास्त्र-बोटी जेमतेम चाळीस मीटर लांबीच्या. प्रत्येकीवर चार क्षेपणास्त्रे, आणि त्यांचा पल्ला सुमारे चाळीस किलोमीटर. मुळात त्या आपल्या बंदराजवळ राहून पहारा करण्यासाठी घडवलेल्या. त्यांच्या टाकीत तेल थोडे मावायचे, त्यामुळे लांबच्या मोहिमेवर त्यांना पाठवील असे शत्रूला वाटण्याचे कारण नव्हते. आपल्या आरमाराने नेमके तेच केले.

४ डिसेंबरच्या रात्री 'निपात', 'निर्घात' आणि 'वीर' या तीन बोटी कराचीकडे निघाल्या. सोबत 'किल्तान' आणि 'कच्छल' ही दोन मोठी जहाजे, आणि तेल पुरवायला 'पोषक' हे जहाज. बोटींच्या तुकडीचे प्रमुख कमांडर बब्रुभान यादव. या बोटींवरचे नौसैनिक रशियात शिकून आलेले, म्हणून बिनतारी यंत्रावर ते आपसात रशियन भाषेत बोलले. ऐकणाऱ्याला पत्ता लागू नये हा त्यात हेतू.

'निर्घात'च्या क्षेपणास्त्रांनी पाकिस्तानची 'खैबर' ही विनाशिका बुडाली. पहिला तडाखा बसला तेव्हा आपल्यावर विमानाने हल्ला केला असेच 'खैबर'वरच्या लोकांना वाटले, आणि तसाच संदेश त्यांनी किनाऱ्याला धाडला. 'निपात'ने दारूगोळा आणणारे 'व्हीनस चॅलेंजर' हे जहाज बुडवले, 'वीर'ने 'मुहाफिज' ही सुरुंग काढणारी नौका. कराचीच्या केमारी भागातल्या तेलाच्या टाक्यांवर त्याच सुमारास आपल्या विमानांनीही हल्ले केले. ८ डिसेंबरच्या रात्री 'विनाश' ही बोट 'त्रिशूल' आणि 'तलवार' यांच्यासह पुन्हा कराचीवर गेली, आणि तेलाच्या टाक्या पुन्हा पेटल्या. तीच खरी आग. ४ डिसेंबर हा दिवस नौसेना दिन म्हणून पाळतात तो यामुळे.

या दोन्ही रात्री काय घडते आहे याची किनाऱ्यावर कोणाला कल्पना नव्हती. आम्ही चांदण्यात कंदील झाकून निजलो होतो. वडील म्हणत ते खरेच होते.

जमीन आणि आकाश

आता जमिनीकडे वळू. आमच्याकडची मुले भरतीसाठी आंबोली घाट चढून बेळगावला जातात. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र तिथे. १९७१ मध्ये या रेजिमेंटची पहिली पलटण, जिला 'जंगी पलटण' म्हणतात, पूर्व आघाडीवर उत्तरेकडून ढाक्याच्या दिशेने उतरत होती. तिचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार.

वाटेत ब्रह्मपुत्रेच्या काठी जमालपूर हे ठाणे होते, आणि तिथे पाकिस्तानची बलुच पलटण पाय रोवून बसली होती. समोरून धडक मारली असती तर माणसे फार गेली असती. म्हणून आपल्या फौजेने नदी ओलांडून वळसा घेतला आणि जमालपूरच्या मागे, ढाक्याकडे जाणाऱ्या वाटेवर मराठे मोर्चे खणून बसले. बांध फोडून पाणी अडवावे तशी वाट अडवली. ९ डिसेंबरला आपले ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण येण्याविषयी पत्र पाठवले. पत्र घेऊन गेला तो त्या मुलखातला एक साधा माणूस. उत्तरात बलुच पलटणीच्या प्रमुखाने कागदात गुंडाळून बंदुकीची गोळी धाडली.

१० डिसेंबरच्या रात्री ती पलटण ठाणे सोडून निसटू लागली, ती थेट मराठ्यांच्या मोर्च्यांवर आली. रात्रभर लढाई झाली. पाकिस्तानचे दोनशेहून अधिक सैनिक पडले, आणि सकाळी जमालपूर आपल्या हाती आले.

दुसऱ्या दिवशी, ११ डिसेंबरला संध्याकाळी, तिथून दक्षिणेला टांगाईल गावाजवळ पन्नासच्या आसपास विमानांतून सुमारे सातशे छत्रीधारी सैनिक उतरले. पुंगली येथील पूल धरायचा आणि मागे हटणाऱ्या शत्रूची वाट तोडायची हे त्यांचे काम. ही दुसरी पॅरा पलटण. ती पूर्वीची मराठ्यांचीच तिसरी पलटण, मागाहून छत्रीधारी झालेली. १२ डिसेंबरला जमिनीवरून चालत आलेली जंगी पलटण आकाशातून उतरलेल्या या पलटणीला जाऊन मिळाली. एक मराठी पलटण चालत आली, दुसरी वरून आली, आणि परक्या मुलखातल्या एका पुलावर दोघींची भेट झाली. हे वाचताना मला आजही भरून येते.

या मुलखातल्या शेतकऱ्यांचे ऋणही सांगितले पाहिजे. नदीनाल्यांच्या त्या देशात आपल्या फौजेला स्थानिक लोकांनी होड्या दिल्या, बैलगाड्या दिल्या, सायकलरिक्षा दिल्या, वाटा दाखवल्या. तोफेचे गोळे बैलगाडीतून जाताना पाहून एखाद्या मराठी जवानाला आपल्या घरची जोडी आठवली असेल.

पश्चिमेला राजस्थानात लोंगेवाला येथे जमीन आणि आकाश यांचे नाते आणखी स्पष्ट दिसले. ४ डिसेंबरच्या रात्री मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांची शंभर-सव्वाशे जवानांची तुकडी रणगाड्यांसमोर ठाण मांडून राहिली. रात्री आपली हंटर विमाने उडू शकत नव्हती. जवानांचे काम एकच : उजाडेपर्यंत टिकायचे. उजाडले, जैसलमेरहून विमाने आली, आणि उघड्या वाळूत अडकलेले रणगाडे त्यांनी टिपले.

तीन भाऊ एकमेकांना विचारीनासे झाले तर

घरात तीन भाऊ एकाच शेतात राबत असतील तर एकाने काय चालवले आहे ते दुसऱ्याला माहीत हवे. एकाने पाणी सोडले आणि दुसऱ्याने तिथेच खत टाकले तर खत वाहून जाणार. लढाईत या चुकीची किंमत माणसांनी मोजावी लागते.

६ डिसेंबरला पाकिस्तानच्या विमानाने आपल्याच आरमाराच्या 'झुल्फिकार' या जहाजावर हल्ला केला. भारताची क्षेपणास्त्र-बोट समजून त्यांनी आपलीच माणसे मारली.

आपल्या बाजूलाही हे घडले, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. कमांडर मोहन नारायण राव सामंत हे आपले पाणबुडीवरचे अधिकारी. बांगलादेशाच्या मुक्तिवाहिनीतल्या तरुणांना पाण्याखालून सुरुंग लावण्याचे शिक्षण देण्यात त्यांचा मोठा वाटा होता. डिसेंबरात ते 'पद्मा' आणि 'पलाश' या मुक्तिवाहिनीच्या गनबोटी आणि आपली 'पनवेल' ही गस्तनौका घेऊन मोंगला आणि खुलना या नदीकाठच्या बंदरांकडे गेले. १० डिसेंबरला खुलन्याजवळ आपल्याच विमानांनी शत्रू समजून हल्ला केला. 'पद्मा' आणि 'पलाश' पेटल्या. इंजिनखोलीतून न हटलेले मोहम्मद रुहुल अमीन यांना पुढे बांगलादेशाने आपला सर्वोच्च लष्करी सन्मान दिला. 'पनवेल' वाचली. तिच्यावरच्यांनी पाण्यातली माणसे उचलली आणि झुंज चालू ठेवली. सामंत यांना महावीर चक्र मिळाले.

वाचकहो, हे मी मुद्दाम सांगतो. प्रत्यक्ष रणांगणावर, दुर्बिणी आणि यंत्रे घेऊन बसलेल्या शिकलेल्या माणसांनाही समोरची बोट कोणाची हे क्षणभर कळत नाही. मग शेकडो कोस दूर ओटीवर बसून, हातातल्या फोनवरचे चित्र पाहून, आपल्याला कसे कळणार?

९ डिसेंबर

आता त्या तेरा दिवसांतल्या एका दिवसाविषयी.

पाकिस्तानची 'गाझी' ही पाणबुडी आपली विमानवाहू 'विक्रांत' बुडवण्याच्या इराद्याने विशाखापट्टणमपर्यंत आली होती. ३ डिसेंबरच्या मध्यरात्रीच्या सुमारास ती तिथेच बुडाली, आतल्या सर्व माणसांसह. पण याची घोषणा आपल्या आरमाराने केली ती ९ डिसेंबरला. मधले पाच-सहा दिवस पडताळा घेण्यात गेले. दर्यातली खबर ती ही.

आणि त्याच ९ डिसेंबरच्या रात्री, गाझीच्या बातमीने देश आनंदलेला असताना, दीवच्या दक्षिणेला समुद्रात पाकिस्तानच्या 'हंगोर' पाणबुडीने आपल्या 'खुकरी' या जहाजाला पाणतीर मारला. काही मिनिटांत जहाज गेले. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक बुडाले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडले नाही. दुसऱ्या दिवशी आपल्या जहाजांनी पाण्यातून ६७ जणांना वाचवले. दीवला आज त्यांचे स्मारक आहे.

आमच्या वाडीत आधी कुजबुज आली. आपले एक जहाज गेले म्हणे. नाव कोणालाच सांगता येईना. बाजारात प्रत्येक जण वेगळे नाव घेत होता. वयनीने चूल पेटवली, पण त्या दिवशी ती खळ्यात आली नाही. वडील स्वतः तिच्या ओटीवर जाऊन बसले. बोलले काही नाहीत. नुसते बसले.

दोन दिवसांनी पोस्टमन आला. नवऱ्याचे पत्र! वाडीतल्या बायका धावल्या. मी वाचून दाखवायला बसलो. सगळ्यांना हायसे वाटले. वयनीने मात्र मला थांबवले. "बाबू, तारीख काय रे वर?"

तारीख होती ७ डिसेंबर.

तिने पत्र माझ्या हातून घेतले, घडी केली, आणि तांदळाच्या पेटीत ठेवून दिले. ९ तारखेच्या रात्रीविषयी ७ तारखेचे पत्र काहीच सांगू शकत नाही, हे चौथीपर्यंत शिकलेल्या त्या बाईला आम्हा सगळ्यांआधी उमगले होते.

मग जहाजाचे नाव आले. ते तिच्या नवऱ्याचे जहाज नव्हते. बायकांनी देवाला हात जोडले. एकजण गूळ घेऊन आली. वयनीने गुळाला हात लावला नाही. म्हणाली, "माझो नाय, पण कोणाचो तरी गेलोच मा."

१६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानच्या फौजेने शरणागती पत्करली. सुमारे ९३ हजार माणसे कैद झाली, बांगलादेश जन्माला आला. १७ तारखेला रात्री आठ वाजता पश्चिमेकडची लढाईही थांबली. वाडीत ढोल वाजले, आणि ते वाजायलाच हवे होते. वयनीचा नवरा शिमग्याला घरी आला. पालखी नाचवली, सगळ्यांना भेटला. पण लढाईविषयी विचारले की उठून गोठ्याकडे जायचा. खुकरीवर त्याच्या ओळखीची माणसे होती.

ऐकण्याची रीत

४ डिसेंबर २०२३ रोजी नौसेना दिन आमच्या मालवणला साजरा झाला. तारकर्लीच्या किनाऱ्यासमोर युद्धनौका आणि विमाने आली. शिवछत्रपतींनी १६६४ साली कुरटे बेटावर ज्या किल्ल्याचे काम सुरू केले, त्या सिंधुदुर्गाच्या साक्षीने हा सोहळा झाला. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग ही नावे १९७१ नंतर घेतलेल्या क्षेपणास्त्र-नौकांनाही आरमाराने दिली होती. त्या दिवशी किनाऱ्यावर टाळ्या वाजवताना मला ती खळ्याच्या कडेला बसणारी वयनी आठवत होती.

मे २०२५ मध्ये नागरी संरक्षणाच्या सरावाची देशभराची यादी निघाली, तेव्हा तीत सिंधुदुर्गाचेही नाव होते. म्हणजे हा विषय जुना झाला असे समजू नका. म्हणून चार गोष्टी सांगून रजा घेतो.

पहिली, बातमी आली की वयनीसारखे विचारावे : तारीख काय? घडले केव्हा, कळले केव्हा? लढाई चालू असताना जी बातमी घटनेबरोबरच हजर होते, तिच्याकडे जरा संशयानेच पाहावे. खऱ्या बातमीला पडताळ्याचा वेळ लागतो. आणि सांगणारा कोण तेही पाहावे. सरकारी निवेदन आले आहे की कोणीतरी कोणाला पाठवलेले पुढे ढकलले आहे?

दुसरी, बंदरात कोणते जहाज आले, पुलावरून किती लष्करी गाड्या गेल्या, मुलगा सुट्टी अर्धी टाकून कुठे गेला, हे फोनवर टाकू नये. १९७१ मध्ये आपले नौसैनिक रशियन बोलले ते कशासाठी, हे आठवावे.

तिसरी, आपल्या मच्छीमार भावांसाठी. २००८ साली मुंबईवर चालून आलेले अतिरेकी 'कुबेर' नावाचा मच्छीमार ट्रॉलर पळवून आले होते. दर्यात अनोळखी बोट दिसली तर स्वतः जवळ न जाता सागरी पोलिसांना १०९३ वर किंवा तटरक्षक दलाला १५५४ वर कळवावे. किनाऱ्याचा पहिला पहारेकरी तुमची होडीच आहे.

चौथी, घरासाठी. मुलगा फौजेत असेल तर त्याचा सेवा क्रमांक, पलटणीचा किंवा जहाजाचा पूर्ण पत्ता, बँकेची आणि वारसनोंदीची कागदे एका पिशवीत, घरातल्या बाईला ठाऊक असलेल्या जागी ठेवा. अफवा कानावर आली तर बाजारात विचारीत फिरू नका. त्याच्या पलटणीकडे किंवा जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. आणि शेजारच्या घरचा मुलगा सीमेवर असेल, तर त्या घरी फोनवरची चित्रे घेऊन धावू नका. जाऊन नुसते बसा. माझे वडील बसले होते तसे.

वयनी आज नाही. तिच्या सुनेने ती तांदळाची पेटी अजून ठेवली आहे. ७ डिसेंबरचे ते पत्र तिच्यातच होते. मागे मला वाचायला दिले. त्यात लढाईचा एक शब्द नाही. वायंगणाला पाणी सोडलेस का, पाड्याच्या पायाची जखम भरली का, आणि माझी काळजी करू नको, एवढेच आहे.